जुनी प्रत न पाहता शुद्धिपत्र

पुस्तक छापून झाल्यावर त्यात चार चुका सापडल्या, तर कोणी सारे पुस्तक पुन्हा छापत नाही. 'पृष्ठ १२, ओळ ७' अशा खुणा देऊन एक शुद्धिपत्र जोडले जाते. आपल्याला त्याचा इतका सराव असतो की त्यामागची एक अट लक्षातच येत नाही. शुद्धिपत्र लिहिणाऱ्यासमोर जुनी प्रत असावी लागते. समजा, त्याच्याजवळ फक्त सुधारलेली प्रत आहे आणि जुनी प्रत दूरच्या गावी आहे. ती मागवायची, तर नवे पुस्तक पाठवण्याइतकाच खर्च येणार. मग शुद्धिपत्र लिहायचे कसे?

संकेतस्थळे आली तेव्हा संगणकांसमोर हाच प्रश्न रोज उभा राहू लागला. १९९६ साली त्याला मिळालेले उत्तर शाळेतल्या गणितापासून फार दूर नाही. त्याचीच हकिगत येथे सांगत आहोत.

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर कशी पोचवावी, याचे नियम एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी मांडले. आयआयटी कानपूरच्या १९६५ सालच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेले होते. त्यांच्या नियमांना एफटीपी म्हणतात. एफटीपीचे काम हमालाचे. फाइल उचलायची आणि पोचवायची. आत काय बदलले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पुढे १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. त्यात पाने वाचता येत आणि त्याच खिडकीत दुरुस्तही करता येत. पण दुरुस्त केलेले पान फक्त आपल्या जवळच्या साठ्यात ठेवता येई. दूरच्या सर्व्हरवर ते लिहून ठेवण्याची सोय त्यात अजून झालेली नव्हती. त्यामुळे रीत पडली ती अशी: पान आपल्या संगणकावर सुधारायचे आणि मग एफटीपीने सगळेच्या सगळे सर्व्हरवर चढवायचे. एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण फाइल पाठवायची.

यात किती वेळ जाई? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. सेकंदाला ९,६०० बिट पाठवणारा मोडेम त्या काळी नेहमीचा होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १,२०० बाइट. सात लाख बाइटांची एखादी मोठी यादी चढवायला जवळजवळ दहा मिनिटे लागणार. तीच यादी निरनिराळ्या देशांतल्या पाच सर्व्हरांवर ठेवायची असेल, तर पाच वेळा तेवढाच वेळ. शिवाय टेलिफोनचे बिल निराळे. ज्याची तार अरुंद, त्याला दुरुस्ती महाग, आणि म्हणून त्याची माहिती शिळी.

दोन फाइलींतला फरक काढणारे प्रोग्रॅम तेव्हाही होते. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात डग्लस मॅक्इलरॉय यांनी केलेला 'डिफ' त्यातला प्रसिद्ध. पण त्याला दोन्ही फाइली समोर लागतात. म्हणजे शुद्धिपत्राची ती जुनी अट येथेही आहेच.

ही अट ओलांडली ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी जून १९९६ मध्ये 'आरसिंक' नावाचा प्रोग्रॅम सर्वांना मोफत दिला. त्यामागची रीत ट्रिजेल यांच्या १९९९ सालच्या पीएच.डी. प्रबंधातही आहे.

रीत अशी. जुनी प्रत ज्या संगणकावर आहे, तो तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतो. समजा, तुकडा ७०० बाइटांचा. आपल्या यादीचे १,००० तुकडे झाले. आता तुकडे पाठवायचे नाहीत. गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी आपण ताळा घेतो, तसा प्रत्येक तुकड्याचा ताळा काढून फक्त तो पाठवायचा. एका तुकड्याचा ताळा २० बाइटांत बसतो. म्हणजे सगळे मिळून २०,००० बाइट, अवघी १७ सेकंदे. नवी प्रत असलेला संगणक आपल्याकडे तेच ताळे कोठे जुळतात ते शोधतो. जुळले तेथे 'तुझा अमुक क्रमांकाचा तुकडा घे' एवढेच कळवतो. जुळले नाही तेवढाच मजकूर पाठवतो.

पण येथे एक अडचण आहे. सुरुवातीला एकच अक्षर घातले, तर पुढचा सारा मजकूर एका घराने सरकतो. ७००, १,४०० अशा ठरलेल्या जागी तुकडे पाडले, तर एकही तुकडा जुळणार नाही. म्हणून नव्या प्रतीत पहिल्या बाइटापासून, दुसऱ्यापासून, तिसऱ्यापासून असे प्रत्येक जागेवरून ताळा घेऊन पाहावे लागते. सात लाख वेळा ७०० बाइटांची बेरीज करत बसलो, तर तारेचा वाचलेला वेळ आकडेमोडीत जाईल.

यावरची युक्ती फळ्यावर करून दाखवता येते. ३, ८, १, ५, ९ हे अंक लिहा आणि चार-चारचे तुकडे घ्या. पहिली बेरीज १७. एक घर पुढे सरकताना पुन्हा बेरीज करू नका. बाहेर गेलेले ३ वजा करा, आत आलेले ९ मिळवा. आले २३. ताडून पाहा: ८ + १ + ५ + ९ = २३. तुकडा कितीही लांब असो, काम एका वजाबाकीचे आणि एका बेरजेचे.

नुसती बेरीज मात्र फसवते. ३, ८, १, ५ आणि ५, १, ८, ३ यांची बेरीज एकच. म्हणून जोडीला वजनी बेरीज घेतात. पहिल्या अंकाला ४ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला २ ने आणि चौथ्याला १ ने गुणायचे. पहिल्या तुकड्याची वजनी बेरीज ४३ येते, उलट्याची ४२. हीसुद्धा सरकवता येते: ४३ मधून बाहेर गेलेल्या ३ ची चौपट वजा करा आणि नवी साधी बेरीज २३ मिळवा. उत्तर ५४. ते बरोबर कसे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

वीस बाइटांतले चार या सरकत्या ताळ्याचे. तो झटपट निघतो, पण दोन वेगळ्या तुकड्यांचा सारखा येऊ शकतो. म्हणून तो जुळला तरच उरलेल्या सोळा बाइटांचा पक्का ताळा तपासतात. त्यासाठी रोनाल्ड रिव्हेस्ट यांची १९९० सालची एमडी४ ही रीत घेतली होती. शेवटी पूर्ण फाइलचाही ताळा पाहतात. एमडी४ ला जाणूनबुजून फसवता येते हे पुढे दिसून आले, आणि आरसिंकच्या २००८ सालच्या आवृत्तीत तिच्या जागी एमडी५ आली. ताळा हा पुरावा नव्हे, भरवसा आहे. तो किती ठेवायचा ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

या रीतीला मर्यादाही आहेत. दोन्ही संगणकांवर आरसिंक लागते. दाबून लहान केलेल्या फाइलीत थोडा बदल केला, तरी पुढचे बहुतेक सारे बाइट बदलू शकतात. तेथे फारसे काही वाचत नाही. तरीही एका सर्व्हरवरचा मजकूर दूरच्या अनेक सर्व्हरांवर अद्ययावत ठेवण्यासाठी आरसिंक आजही वापरात आहे.

तार रुंद करणे हा वेग वाढवण्याचा एक मार्ग. त्याला पैसा लागतो आणि तो प्रत्येकाजवळ नसतो. समोरच्याजवळ आधीच काय आहे ते विचारून घेणे हा दुसरा मार्ग, आणि त्याला बेरीज-वजाबाकी पुरली. वर्गात हे करून पाहायचे असेल, तर दोन मुलांना पाठ करून बसवा. एकाजवळ जुना उतारा द्या, दुसऱ्याजवळ एक शब्द वाढवलेला नवा. उतारा वाचून न दाखवता, फक्त आकडे सांगून, वाढलेला शब्द त्यांना सापडतो का ते पाहा.