लहान मंडळी, मोठी मंडळी : खानदेशातील ख्रिस्ती उपासनेतील गायन आणि सहभागिता

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजात उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या भाविकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द अन्वर्थक आहे. ‘घरची मंडळी’, ‘जेवणारी मंडळी’ या प्रयोगांत तो माणसांचाच निर्देश करतो. त्याउलट ‘चर्च’ या शब्दाने अलीकडे वास्तू आणि पंथ यांचाच बोध अधिक होतो. मंडळीचा आकार आणि तिच्या गायनाचे स्वरूप यांत निश्चित संबंध असतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जळगाव आणि धुळे हे जिल्हे त्यासाठी सोयीचे क्षेत्र ठरतात, कारण येथे ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प असूनही रेल्वेवसाहतीतील इंग्रजी वळणाची उपासना, मिशनच्या आवारातील मराठी मंडळी आणि खेड्यातील घरसभा या तिन्ही रचना फार दूर नसलेल्या अंतरांवर उभ्या राहिल्या.

खानदेशातील मंडळ्यांची घडण

१९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगाव व पश्चिम खानदेशाचे धुळे झाले. पश्चिम खानदेशातून पुढे १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. मिशनांच्या कार्यक्षेत्राचा विचार मात्र अखंड खानदेश धरूनच करावा लागतो.

भुसावळचे महत्त्व रेल्वेमुळे वाढले. मुंबईहून येणारा मार्ग येथून नागपूर आणि जबलपूर या दोन दिशांना फुटला. नोकरीनिमित्त आलेल्या युरोपीय, अँग्लो-इंडियन व गोव्याकडील कॅथलिक कुटुंबांनी आपल्या उपासनापद्धती बरोबर आणल्या. गोव्यातील पॅरिश शाळांत स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण मिळत असल्यामुळे तेथून आलेल्या कुटुंबांकडे संगीताची लिखित परंपरा होती. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या भागात अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था काम करू लागली. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन स्वतः गीतकार होते. त्यांच्या सहसंपादनाखाली संस्थेचे गीतपुस्तक १८९१ मध्ये निघाले होते. पश्चिम खानदेशात नवापूर-नंदुरबार पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. ही संस्था स्वीडिश प्रचारक फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागो येथे स्थापन केली व १९४९ मध्ये तिचे नाव ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ असे झाले. चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय १९४२ मध्ये तिच्याच कार्यातून उभे राहिले.

या मिशनांमागे जी गायनपरंपरा होती ती कॅथेड्रलची नव्हती. ती होती डी. एल. मूडी आणि आयरा सँकी यांच्या सभांची. १८७३ ते १८७५ या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या त्यांच्या सभांना हजारो श्रोते लोटत आणि सँकी एका छोट्या पायपेटीवर गात असत. कडवे एकट्याने म्हणायचे आणि पालुपद सर्वांनी उचलायचे, या युक्तीने पुस्तकाविना अफाट जनसमुदाय गाता झाला. मोठ्या सभेसाठी घडलेला हा प्रकार खानदेशातील अगदी लहान मंडळ्यांत रुजला, ही वरकरणी विसंगती आहे. तिचे स्पष्टीकरण मराठी पदाच्या रचनेत सापडते.

पद, अभंग आणि पालुपद

मराठी भक्तिगीताला ‘धृ.’ नवे नव्हते. कीर्तनातील पद, भजनातील अभंग यांत अग्रभागी एक कंठ आणि मागे झील धरणारे अनेक, ही योजना शतकानुशतके रुळलेली होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर अभंग, पदे आणि भजने यांची मोठी भर घातली. त्यांची ‘अभंगांजली’ आणि अपूर्ण राहिलेले, लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेलेले ‘ख्रिस्तायन’ ही नावे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. टिळकांचे महत्त्व केवळ काव्यगुणांत नाही. त्यांच्या रचनेमुळे उपासनेची यंत्रणाच बदलली.

इंग्रजी छंदात भाषांतरित केलेले गीत गाण्यासाठी काय लागते, याचा विचार केल्यास हे स्पष्ट होईल. चार स्वरांचा मेळ साधायचा तर चार निराळ्या ओळी गाणारे लोक हवेत, साथीला ऑर्गन हवा, प्रत्येकाच्या हाती पुस्तक हवे आणि ते वाचता यायला हवे. इंग्रजी चालीतील आघात मराठी शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घाशी जुळत नाहीत, तेव्हा चाल आधीपासून पाठ असणारे दहा-वीस गायक तरी पुढे लागतात. ही सामग्री शहरी मंडळीलाच परवडते. अभंगाला टाळांची एक जोडी आणि पाठांतर असलेला एक मनुष्य पुरतो. तो मनुष्य निरक्षर असला तरी अडत नाही. पंधरा माणसांची मंडळी अभंगात अपुरी वाटत नाही. चौपदरी इंग्रजी गीतात मात्र ती उघडी पडते. म्हणजे लहान मंडळीचे गायन दुबळे असते, हा समज मुळात विशिष्ट गीतप्रकारापुरताच खरा आहे.

भाषेचा प्रश्न मात्र यातून सुटला नाही. ‘उपासना संगीत’ या प्रमुख मराठी गीतसंग्रहाची भाषा प्रमाण मराठी आहे. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत घरची बोली अहिराणी, नवापूरकडे मावची. अशिक्षित बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी आसोदे-जळगावच्या बोलीत जी गाणी रचली, त्यांनी या बोलीची भक्तिक्षमता निर्विवाद सिद्ध केली आहे. तरीही मंडळीत छापील पुस्तकाची भाषा हीच देवाची भाषा ठरली. लहान मंडळीतला भाविक गळ्याने सहभागी झाला, पण स्वतःच्या बोलीने फार कमी वेळा.

पेटी, ऑर्गन आणि गाण्याचा अधिकार

मिशनांबरोबर आलेल्या पायपेटीची हातपेटी झाली आणि ती भजनीमंडळापासून तमाशापर्यंत सर्वत्र पोहोचली. (आकाशवाणीने तिच्यावर १९४० मध्ये बंदी घातली व ती काही दशके टिकली, ख्रिस्ती आणि वारकरी भजनांना तिची फिकीर करण्याचे कारण नव्हते.) पेटीने सूर स्थिर केला, पण त्याचबरोबर पेटीवाला हा नवा अधिकारीही निर्माण केला. गीत कोणत्या पट्टीत आणि किती गतीने म्हणायचे हे आता तो ठरवू लागला.

इंग्लंडच्या ग्रामीण चर्चमध्ये हेच आधी घडले होते. तेथे सज्जात बसून सारंगीवर्गीय वाद्ये व बासरी वाजवणारे गावकरी एकोणिसाव्या शतकात ऑर्गनपुढे मागे हटले. टॉमस हार्डी यांची १८७२ मधील ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही कादंबरी याच स्थित्यंतरावर उभी आहे. तेथील संगीत अधिक शुद्ध झाले असेल, परंतु दर रविवारी काहीतरी काम असणारे सहा-आठ लोक निव्वळ श्रोते झाले. सहभागितेचा ऱ्हास असा एकेका माणसाच्या रिकाम्या हातांनी मोजता येतो.

आज शहरांतील मोठ्या आणि स्वतंत्र मंडळ्यांत की-बोर्ड, ड्रम, ध्वनिवर्धक आणि पडद्यावर उमटणारी हिंदी-मराठी गीते आली आहेत. त्यावर ‘पाश्चात्त्य’ असा शिक्का मारणे सोपे, पण निरर्थक आहे, कारण सँकींची पायपेटीही पाश्चात्त्यच होती. खरा भेद आवाजाच्या पातळीचा आहे. व्यासपीठावरील स्वर जेव्हा सभागृहातील स्वराला झाकतो, तेव्हा भाविकाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. आपण गायलो नाही तरी काही बिघडत नाही, हेही त्याच्या लक्षात येते.

दिंडीची रचना

मोठा समुदाय म्हणजे अपरिहार्यपणे मूक समुदाय, असे मात्र नव्हे. याचा पुरावा खानदेशातच आहे. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताईंची पालखी महिनाभराहून अधिक काळ चालत पंढरपूरला पोहोचते. वारीचा जनसागर एका सुरात गात नाही. तो दिंड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक दिंडीत विणेकरी, मृदंगी, टाळकरी असतात आणि चालणाऱ्याला आपली दिंडी ठाऊक असते. गायनाचा घटक लहानच राहतो, फक्त अशा घटकांची संख्या वाढते.

जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीतही हीच रचना वेगळ्या मार्गाने आली. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी बारा-बारा सभासदांचे गट पाडून दर आठवड्यास एकेक पेनी गोळा करण्याचे ठरले. वर्गणीसाठी पडलेले हे गट पुढे परस्परांची विचारपूस आणि प्रार्थना करणारे ‘वर्ग’ बनले. सहभागितेचा उगम हिशेबाच्या वहीत झाला, ही बाब उद्बोधक आहे. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुसमाजात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही स्थान होते. त्यामागेही संस्थेपेक्षा संगत मोठी मानण्याचा विचार होता. स्वतः ख्रिस्ताने अखेरच्या भोजनानंतर गीत गायिले ते शिष्यांच्या लहानशा संगतीतच (मत्तय २६:३०).

लहान मंडळीच्या मर्यादा

लहानपणाचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. लहान मंडळीत एखाद-दुसऱ्या कुटुंबाचे वर्चस्व सहज निर्माण होते. नवागताकडे सर्वांच्या नजरा वळतात. दुःखात असलेल्या माणसाला न बोलता मागच्या बाकावर बसण्याची जी मुभा मोठी मंडळी देते, ती येथे मिळत नाही. गायनाच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. भाविकाच्या हाती असते ती शब्दांची प्रत. चाल राहते जाणत्याच्या गळ्यात. तो जाणता वारला, किंवा त्याची मुले पुण्या-मुंबईला गेली, की पुस्तकातील गीत तसेच राहते आणि मंडळी माहीत असलेल्या आठ-दहा चालींवर वर्ष काढते. पाळकाची बदली झाली तरी हेच होते. मोठ्या मंडळीत गायनवृंदाचा सराव आठवड्याला होतो, चाली एका पिढीकडून दुसरीकडे जातात आणि ध्वनिमुद्रणही होते.

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतील घरसभांत सांगळे-टिळकांच्या काळातील पदे कोणत्या चालींवर म्हटली जातात, मूळ चालीत स्थानिक वळण कोठे मिसळते आणि अहिराणी उच्चाराने लय कशी बदलते, याचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण हे महाविद्यालयीन पातळीवर सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. इतिहास, मराठी आणि संगीत या तीन विभागांचे सहकार्य व एक साधे मुद्रणयंत्र एवढीच त्याची गरज आहे. या चाली जाणणारे बहुतेक जण आज वयोवृद्ध आहेत.