जँगोमधील सेटिंग्जची मांडणी

पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेब ॲप्लिकेशन उभारण्याच्या तयार सांगाड्यावर, बेतलेल्या ॲप्लिकेशनचे वर्तन मुख्य कोडला हात न लावता ठरवणाऱ्या मूल्यांना सेटिंग्ज म्हणतात; डेटाबेस कोठे आहे, चूक झाल्यास पडद्यावर काय दिसावे, कालविभाग कोणता, हे त्यांतून ठरते. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका दैनिकाच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्या जन्मस्थानाची खूण अजून टिकून आहे : सेटिंग्जमध्ये कालविभाग नोंदवलाच नाही, तर जँगो लॉरेन्सलाही लागू असलेली शिकागोची वेळ धरते.

सेटिंग्जची फाइल हे साधे पायथन मॉड्यूल असते. त्यातील केवळ मोठ्या लिपीत लिहिलेली नावे जँगो विचारात घेते, आणि जे तेथे सापडत नाही ते स्वतःच्या मूलभूत मूल्यांतून भरून काढते. समाईक सेटिंग्जची एक पायाभूत फाइल ठेवून विकसनासाठी व प्रत्यक्ष वापरासाठी तिच्यावर आधारलेल्या वेगळ्या फाइली करण्याची पद्धत रूढ आहे. मात्र एकीतले मूल्य दुसरीत बदलले जात असल्याने अखेरीस कोणते लागू झाले, याचा माग काढणे जिकिरीचे होते.

हेरोकू या क्लाउड-सेवेचे सहसंस्थापक ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या तत्त्वसंहितेने अशा गटवारीलाच आक्षेप घेतला. सर्व्हरागणिक बदलणारी मूल्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कार्यप्रणाली चालत्या प्रोग्रामला पुरवते त्या नाव-मूल्यांच्या जोड्यांमध्ये, ठेवावीत, असे ती सांगते. तिची कसोटी मार्मिक आहे : कोणतेही गुपित न फुटता सगळा कोड या क्षणी जाहीर करता येईल का? जँगोची ‘सीक्रेट की’ या कसोटीवर सहज उघडी पडते, कारण सत्रे आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे यांच्या खरेपणाची हमी तिच्यावर अवलंबून असते. याउलट, स्थापित ॲप्सची यादी सर्वत्र सारखीच असल्याने ती फाइलीतच शोभते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये केवळ मजकूर मावतो, ही त्यांची मोठी उणीव होय. ‘फॉल्स’, म्हणजे असत्य, हा शब्द तेथून जसाच्या तसा घेतला, तर रिकामी नसलेली प्रत्येक अक्षरमाला पायथन खरी मानत असल्याने बंद केलेले ‘डीबग’, म्हणजे चुकांचे तपशील दाखवणारे सेटिंग, प्रत्यक्षात चालूच राहते, आणि चूक होताच कोडचे तपशील परक्या वाचकासमोर उघडे होतात.