फलाटावरचा फराळ : शेगावच्या कचोरीची पूर्वपीठिका

प्रादेशिक खाद्यपदार्थ म्हणजे त्या प्रदेशाच्या शेतातून आणि चुलीवरून परंपरेने आलेला पदार्थ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वऱ्हाडापुरती ती तपासून पाहण्याजोगी आहे. ज्वारीची भाकरी, झुणका, गोळ्यांची कढी व पाटोडीचा रस्सा हे येथील घरगुती अन्न होय. परंतु वऱ्हाडातील एका गावाचे नाव ज्या पदार्थाने दुकानांच्या पाट्यांवरून महाराष्ट्रभर नेले, तो यांपैकी एकही नव्हे. तो मान शेगावच्या कचोरीस मिळाला. घरचे अन्न मागे राहिले आणि कचोरी पुढे गेली, हा केवळ रुचीचा प्रश्न नसून वाहतूक, व्यापार व सामाजिक आचार यांच्या इतिहासाचा आहे.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला व हिंदी कापसास एकाएकी मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळकडून आलेला मार्ग 1867 मध्ये नागपुरास पोचला. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा ही स्थानके याच मार्गावरील. अमरावती शहर बडनेऱ्याहून शाखामार्गाने जोडले गेले. कापसाच्या बाजारांमुळे अकोला व अमरावती येथे मारवाडी व गुजराती व्यापारी, अडते आणि जिनिंग कारखान्यांतील मजूर जमू लागले. घरापासून दूर राहणारा, विकत घेऊन खाणारा वर्ग अशा रीतीने निर्माण झाला.

या वर्गास काय विकता येईल, हे बऱ्याच अंशी रूढीने ठरविले. परक्याच्या हातचे खाण्याविषयीचे निर्बंध पाण्यात शिजविलेल्या अन्नाच्या बाबतीत जितके कडक होते, तितके तळलेल्या पदार्थाच्या बाबतीत नव्हते. शिवाय भाकरी तव्यावरून उतरताच खावी लागते, तिच्याबरोबर वाटी-ताटली लागते. मैद्याच्या पारीत मुगाच्या डाळीचे तिखट सारण भरून तळलेली कचोरी मात्र कित्येक तास टिकते, कागदावर ठेवून देता येते आणि तळलेल्या हिरव्या मिरचीबरोबर हातातच खाता येते. गाडीच्या अल्प मुक्कामास हाच पदार्थ सोयीचा होता.

1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले शेगाव पुढे बुलढाणा जिल्ह्यात गेले. गजानन महाराज 1878 मध्ये तेथे प्रकटले अशी भक्तांची श्रद्धा आहे. 1910 मध्ये त्यांनी समाधी घेतल्यानंतरही यात्रेकरूंचा ओघ वाढतच राहिला. या स्थानकावर 1950 च्या सुमारास कचोरीचा व्यवसाय उभा केला तो फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी. निर्वासिताच्या हातचा उत्तरेकडील पदार्थ यात्रेकरूंनी व प्रवाशांनी आपापल्या गावी नेला. आज शेगावचे नाव लावणारी दुकाने अनेक शहरांत आहेत; ती सर्व एका मालकीची नाहीत. नामाचा असा विस्तार हे या व्यापाराचे वैशिष्ट्य होय.

याउलट दोन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत. अमरावतीचा गिला वडा नावाप्रमाणेच भिजलेला. तो ताटलीत घेऊन तेथेच खावा लागतो. लोकप्रिय असूनही त्याची कीर्ती मुख्यतः त्या शहराशीच निगडित राहिली. दुसरे उदाहरण शासकीय आहे. 1995 मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. घरगुती अन्नाची साखळी उभारण्याचा तो सर्वांत मोठा प्रयत्न होता. पण तो अनुदानावर उभा होता. भाकरी थापणाऱ्या हातांचे श्रम एक रुपयात भागणारे नव्हते. अनेक केंद्रांत पुढे इतरच पदार्थ विकले जाऊ लागले.

तात्पर्य, वऱ्हाडच्या नावाने जे दूरवर पोचले ते वऱ्हाडच्या चुलीवरचे नव्हे, तर वऱ्हाडच्या फलाटावरचे अन्न होय. म्हणून त्यास उपरे मानणे मात्र उचित ठरणार नाही. कापूस, रेल्वे, तीर्थयात्रा आणि फाळणी यांनी या प्रदेशाचा अर्वाचीन इतिहास घडविला, आणि त्या चारही घटनांची खूण या एका पदार्थावर उमटलेली आहे. भाकरी मागे राहिली ती तिच्या उणिवेमुळे नव्हे. तिची किंमत ज्या श्रमांवर अवलंबून होती, त्या घरातील स्त्रीच्या श्रमांचा हिशेब बाजाराने कधी केलाच नव्हता.