न दिसणारे अकरा

१९ मे १९४४. बर्लिनवर हल्ला करताना ‘मिस डोना मे टू’ हे अमेरिकी बी-१७ विमान आपल्याच ताफ्यातल्या दुसऱ्या विमानाच्या खाली आलं. वरून सुटलेल्या बॉम्बनं त्याच्या शेपटाचा डावा आडवा पंख मोडला. विमान कोसळलं आणि आतले अकराही जण मरण पावले. हे घडत असतानाची, वरून घेतलेली छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. बॉम्बफेक कितपत अचूक झाली हे मोजण्यासाठी तेव्हा विमानांत कॅमेरे बसवलेले असत.

अभियंता असल्यानं माझी नजर आधी त्या शेपटाकडे जाते. आडवा पंख विमानाचं नाक वर-खाली होण्यापासून सावरतो. तो तुटला की तोल जातो. स्पष्टीकरण बरोबर आहे, पण त्यात माणूस नाही. तो छायाचित्रातही दिसत नाही. अकरा जण त्या धातूच्या आत आहेत, कदाचित अजून जिवंत; चेहरा मात्र एकाचाही नाही. म्हणूनच आपण इतक्या सहज टक लावून पाहू शकतो. ज्यांच्या शहरावर ते बॉम्ब पडत होते, ती माणसं तर आणखी दूर, खाली राहतात.

मग पाहूच नये का? मला तसं वाटत नाही. आपल्याच बॉम्बनं आपलीच माणसं मरतात, हे शौर्यकथा सहसा सांगत नाहीत. हे छायाचित्र सांगतं. मात्र ते ‘थरारक’ म्हणून पुढे पाठवू नये. त्याच्यासोबत तारीख, खालच्या शहराचं नाव आणि अकरा हा आकडा जायला हवा. कॅमेरा फक्त मोजमाप घेत होता. आपल्याला तेवढ्यावर थांबता येणार नाही.