नॅन्टकेट दीपनौका (एलव्ही-११२)

अमेरिकेत बांधलेली सर्वांत मोठी दीपनौका. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅन्टकेट बेटाच्या आग्नेयेस वाळूचे उथळ दांडे समुद्रात दूरवर पसरले आहेत. त्यांच्या पलीकडे, जिथे दीपगृह बांधणे शक्य नव्हते, तिथे ही नौका नांगरलेली असे. युरोपहून न्यूयॉर्ककडे येणाऱ्या जहाजांना अमेरिकेची पहिली खूण बहुधा हीच दिसे.

तिची रचना एका अपघातातून ठरली. १५ मे १९३४ रोजी दाट धुक्यात ‘ऑलिम्पिक’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज याच जागेवरील एलव्ही-११७ या दीपनौकेच्या रेडिओ संकेताचा माग घेत आले आणि थेट तिच्यावर आदळले. नौका बुडाली, ११ पैकी ७ खलाशी दगावले. वाट दाखवणारा संकेतच जहाजांना अंगावर ओढून घेतो, हा या ठाण्याचा विचित्र धोका होता. ब्रिटिश सरकारने दिलेल्या भरपाईतून डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे १९३६ साली नवी नौका तयार झाली. लांबी सुमारे १४८ फूट, रुंदी ३२ फूट. पोलादी कवच दुहेरी, आत जलरोधक कप्पे. एक बाजू फुटली तरी पाणी सगळीकडे शिरू नये, हा हेतू.

दोन डोलकाठ्यांवर विजेचे दिवे, धुक्यासाठी दाबलेल्या हवेवर वाजणारा भोंगा, शिवाय घंटा आणि रेडिओ संकेतक. त्या काळी अशा ठाण्यांवर भोंगा व रेडिओ संकेत एकाच क्षणी सुटत. रेडिओ लगेच ऐकू येई, आवाज मागून. साडेपाच सेकंदांचा फरक म्हणजे अंतर एक सागरी मैल. दिवसा ओळख पटावी म्हणून तांबड्या अंगावर पांढऱ्या ठळक अक्षरांत ठाण्याचे नाव लिहिलेले असे. नांगर अळंबीच्या आकाराचा, सुमारे ३ टनांचा. प्रवाह कोणत्याही दिशेला फिरला तरी तो वाळूत रुतून राहतो. वाफेचे इंजिनही होते, पण त्याचे खरे काम वादळात हळूहळू पुढे रेटून साखळीवरचा ताण हलका करणे. (१९६० मध्ये त्याजागी डिझेल इंजिन आले.)

महायुद्धात, १९४२ ते १९४५, ती मेन राज्यातील पोर्टलंड बंदरावर येणाऱ्या जहाजांच्या तपासणीसाठी होती. १९५४ च्या ‘एडना’ चक्रीवादळात तिची मोठी मोडतोड झाली, तरी ती तगली. १९७५ मध्ये निवृत्त झालेल्या या नौकेला १९८९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २०१० पासून ती बॉस्टन बंदरात आहे.