प्रथिनांचे सार्वजनिक कोठार

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. पण कोठारांनाही इतिहास असतो, आणि कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला, हा प्रश्न फार जुना आहे. आज आम्ही ज्या कोठाराची हकिकत सांगणार आहो, त्यात धान्य नाही की द्रव्य नाही. त्यात आहेत प्रथिनांचे आराखडे. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे; आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. तरीही ही हकिकत वाचताना ती आम्हांला आमच्याच घरची वाटली.

शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. औषधाचा लहानसा रेणू प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतो आणि त्याचे काम थांबवतो किंवा बदलतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली अशा जुळणीला कुलूप-किल्लीची उपमा दिली. तेव्हा औषध शोधणाऱ्यापुढे प्रश्न दोन : खाच कशी आहे, आणि रेणू तिच्यात किती घट्ट बसतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्ष-किरणांनी दिले. केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली हाती घेतलेले हिमोग्लोबिनचे काम १९६० साली फळास आले. त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिनची घडण उलगडली. दोघांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका प्रथिनापायी माणसाची उमेद खर्ची पडत असे, ती अशी.

इतक्या कष्टाने मिळालेले आकडे ज्याच्या त्याच्या कपाटात राहिले तर? हा विचार करूनच १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने ‘प्रोटीन डेटा बँक’ निघाली. आरंभी तिच्यात आराखडे होते अवघे ७! छिद्रांकित पत्र्यांच्या मापाने प्रत्येक ओळ ८० अक्षरांची ठरली, आणि मागेल त्याला चुंबकीय फितीवर माहिती धाडली जाऊ लागली. हॅमिल्टन १९७३ साली वारले. कोठार मात्र चालू राहिले.

पण कोठार बांधले म्हणून धान्य येत नाही. आराखडा जमा करणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. निबंध छापून घ्यावा, नाव मिळवावे आणि आकडे स्वतःपाशी ठेवावे, अशी वहिवाट पडली. तेव्हा येल विद्यापीठाच्या फ्रेडरिक रिचर्ड्स यांनी १९८०च्या दशकात सहकाऱ्यांच्या सह्यांचे पत्र फिरवले : जे छापले, ते जमा झालेच पाहिजे. १९८९ साली आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने तसे धोरण जाहीर केले. मात्र आकडे वर्षभर राखून ठेवण्याची मुभा ठेवली. आम्ही तिला तडजोड म्हणू. आणि तडजोडीतून पाऊल पुढे पडते, हे चळवळीत वावरलेल्यांस सांगायला नको. पुढे मोठ्या नियतकालिकांनी ती मुभाही काढून घेतली. २००३ साली अमेरिका, युरोप आणि जपान यांनी हे कोठार संयुक्तपणे सांभाळायचे ठरवले. आज त्यात दोन लाखांहून अधिक आराखडे आहेत, आणि ते कोणालाही फुकट मिळतात.

आता दुसरा प्रश्न, घट्टपणाचा. रेणूचे किती प्रमाण असता निम्मी प्रथिने व्यापली जातात, यावरून तो मोजतात. प्रमाण जितके कमी, तितकी पकड बळकट. हे आकडे आराखड्यांबरोबर येत नसत. ते हजारो निबंधांत विखुरलेले होते. मायकेल गिल्सन यांच्या ‘बाइंडिंगडीबी’ने ते वेचून मांडले. मिशिगन विद्यापीठात शाओमेंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘पीडीबीबाइंड’ प्रसिद्ध केले. त्यांनी १९,६२१ आराखडे चाळले. त्यांत प्रथिन आणि रेणू यांच्या जोड्या निघाल्या ५,६७१. आणि मूळ निबंध तपासल्यावर घट्टपणाचा आकडा सापडला फक्त १,३५९ जोड्यांचा. म्हणजे चारांत एक! हा हिशेब एकेक निबंध वाचून झाला. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत. पण वहीत नोंद करणारा नसेल तर कोठाराचा ढीग होतो.

२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. हसाबिस-जम्पर यांचे ‘आल्फाफोल्ड’ प्रथिनाची घडण गणकयंत्राने वर्तवते. त्यांच्या बुद्धीला आमचा मुजरा! पण हे यंत्र शिकले कशावर? हजारो हातांनी पन्नास वर्षे भरलेल्या या सार्वजनिक कोठारावर. घडणीचा अंदाज यंत्राला साधला. घट्टपणाचा तितका साधलेला नाही. कारण विषय अवघड आहे, आणि आकडेही अपुरे आहेत. औषध कंपन्यांची पुष्कळ मोजमापे त्यांच्याच तिजोरीत राहतात. आणि जो रेणू चिकटलाच नाही, त्याची नोंद बहुधा कोणी छापत नाही. वास्तविक फसलेल्या किल्लीची नोंद पुढच्या माणसाचे वर्ष वाचवते.

यंत्र महाग मिळते, बुद्धिमान माणसेही मिळतात. परंतु सामायिक कोठार विकत मिळत नाही. ते नियमाने आणि विश्वासाने भरावे लागते, आणि नियम कोणी आपण होऊन देत नाही; त्यासाठी सह्या गोळा कराव्या लागतात. आराखड्यांच्या बाबतीत १९८९ साली जे घडले, ते घट्टपणाच्या आकड्यांच्या बाबतीत अजून पुरते घडायचे आहे. आजाऱ्याच्या उशाशी येणारे औषध किती लवकर येईल आणि काय भावाने येईल, हे काही अंशी त्यावर अवलंबून आहे.