दग्ध अस्थींचा अभ्यास

दहनानंतर उरलेल्या मानवी अस्थींच्या वैज्ञानिक परीक्षणास दग्ध अस्थींचा अभ्यास असे म्हणतात. पुरातत्त्वशास्त्र व न्यायसहायक विज्ञान या दोन्ही क्षेत्रांत तो केला जातो.

उष्णतेचे परिणाम
तापलेले हाड प्रथम काळे, नंतर राखाडी व सुमारे ७०० अंश सेल्सियसच्या पुढे पांढरे होते. ते आकुंचन पावते आणि त्याला तडे जातात. डीएनए व कोलॅजन बहुधा नष्ट होतात.

परीक्षण
हाडाच्या रंगावरून दहनाचे तापमान अजमावता येते. शरीरात एकच असणारे हाड दोनदा आढळल्यास अवशेष किमान दोन व्यक्तींचे ठरतात. दातांची मुळे व हाडांच्या टोकांची वाढ यांवरून वयाचा अंदाज बांधतात. न्यायसहायक तपासात शरीरात बसवलेले धातूचे भाग ओळख पटवण्यास साहाय्यभूत ठरतात.

स्टोनहेंज
इंग्लंडमधील स्टोनहेंज येथे १९१९ ते १९२६ या काळात विल्यम हॉली यांना दग्ध अस्थी सापडल्या. त्या काळी निरुपयोगी समजल्या गेल्याने १९३५ साली त्या तेथेच एका खड्ड्यात पुन्हा पुरण्यात आल्या. २००८ साली त्या बाहेर काढण्यात आल्या. पूर्ण भाजलेल्या हाडातील स्ट्रॉन्शियम जमिनीतील पाण्याने सहसा बदलत नाही. त्यामुळे व्यक्तीच्या अन्नाचा प्रदेश त्यावरून कळू शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात २५ पैकी किमान १० व्यक्तींनी आयुष्याची अखेरची वर्षे स्थानिक चुनखडीच्या प्रदेशाबाहेर काढल्याचे दिसून आले. त्यांच्यापैकी काही पश्चिम वेल्समधील असाव्यात. स्टोनहेंजच्या निळसर शिळाही तेथूनच आणलेल्या आहेत.